पाणी चांगले की वाईट?

विद्यापीठाच्या पर्यावरणशास्त्र प्रयोगशाळेच्या वतीने आम्ही लोकांसोबत पाण्याची तपासणी करतो, तेव्हा विद्यार्थी असोत की वडीलधारी माणसे, त्यांचा पहिला प्रश्न एकच असतो : हे पाणी चांगले आहे की वाईट? प्रश्न रास्त आहे आणि त्यामागची काळजी खरी आहे. म्हणूनच एखादा आकडा सांगून मोकळे होणे मला पटत नाही.

पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचेच पाहा. समुद्रसपाटीवर २० अंश सेल्सिअसला हवेशी समतोलात असलेल्या एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, तर ३० अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येतो. शैवालाने हिरव्यागार झालेल्या तळ्यात मात्र दुपारी प्रकाशसंश्लेषण जोरात चालू असल्याने याहूनही जास्त ऑक्सिजन सापडतो; आणि तेच शैवाल, जीवाणू व मासे रात्रभर श्वसन करत राहिल्यामुळे पहाटे तो इतका घटू शकतो की मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. लोकांसोबतच्या भेटी सोयीसाठी बहुधा दिवसा उजेडी ठरतात, म्हणजे बिघडलेले तळे नेमके धडधाकट दिसते त्या वेळी. हे त्यांना तिथेच, मोजणी करतानाच सांगायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

मोजणीसाठी मीटर हाताशी असला तरी लोकांसमोर मी हंगेरियन रसायनशास्त्रज्ञ लायोश विंकलर यांनी १८८८ मध्ये मांडलेली पद्धत पसंत करते. बुडबुडा न राहू देता बाटली काठोकाठ भरायची, मँगनीज सल्फेट आणि आयोडाइडयुक्त अल्कली घालायची. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका तयार होतो, नसेल तर तो पांढराच राहतो. पुढची आम्लाची पायरी आणि अनुमापन (माहीत तीव्रतेचे द्रावण थेंबाथेंबाने घालून प्रमाण मोजणे) प्रयोगशाळेतील माणसांनीच करावे, पण तो तपकिरी रंग पाहिलेल्या माणसाला आकडा कोठून येतो हे वेगळे समजावावे लागत नाही.

शिवाय तळाचे जीव आहेतच. मेफ्लाय या पाण्यात वाढणाऱ्या कीटकाच्या बहुतेक जातींच्या पिल्लांना भरपूर ऑक्सिजन लागतो आणि ती कित्येक महिने पाण्यात काढतात, त्यामुळे त्यांचे असणे वा नसणे एका दुपारच्या मोजणीपेक्षा कितीतरी लांबचा काळ सांगते. उलट कायरोनोमिड या डासांसारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या माश्यांच्या लाल अळ्या हिमोग्लोबिनच्या बळावर ऑक्सिजन कमी असलेल्या गाळातही तग धरतात. अर्थात त्या स्वच्छ पाण्यातही आढळतात, म्हणून केवळ त्यांच्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.

मोजणीचे निकाल लोकांना परत देताना त्यावर तारीख, वेळ आणि पाण्याचे तापमान लिहिलेले असावे, आणि ज्यांना पहाटे येणे जमेल त्यांच्यासोबत त्याच जागी पुन्हा मोजणी व्हावी, एवढा आग्रह मी प्रत्येक उपक्रमात धरते.