येळवशीचे दोन किलो: अडकलेला काटा शेवटी सुटला

आज सकाळी काट्यावर 71.1 किलो! येळवशीआधीच्या आठवड्याची सरासरी 71.4 होती, म्हणजे चढलेलं सगळं उतरलं आणि वर थोडं खालीही सरकलं. मागच्या नोंदीत सांगितलंच होतं, सणाच्या दुसऱ्या दिवशी 73.6 दिसले, मग काटा 72.8 वर येऊन जो बसला तो हलायलाच तयार नव्हता. दिवाळीला आणि महालक्ष्म्यांना असं झालं नव्हतं. तेव्हा तीन-चार दिवसांत पाणी उतरून गेलं होतं. या वेळी का अडकलं, ते आता कळलंय.

लातूर-धाराशिवच्या बाहेरच्या मंडळींसाठी थोडक्यात: येळवस म्हणजे वेळ अमावस्या. घरंच्या घरं कुलूप लावून शेतात जातात, कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते आणि मग दुपारभर पंगत. भज्जी (ओले दाणे आणि पालेभाज्यांची बेसन लावलेली भाजी), बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर, शेंगाची पोळी, धपाटे. त्या दिवशी ताट मोजायचं नाही हे माझं आधीच ठरलेलं होतं आणि त्यावर मी ठाम आहे. आत्या स्वतःच्या हातानं वाढायलेत, "एवढ्यानं काय होतंय, घे की अजून एक उंडा," म्हणायलेत, तिथं मी ताटावर हात आडवा धरणार नाही. मोजणी करायची ती स्वयंपाक करताना. खाताना नाही.

ही मोजणी मात्र या वेळी मस्त जमली आणि तिचा मला फार आनंद आहे. कॅलरी मोजायच्या ॲपमध्ये 'भज्जी' शोधलं की कांदाभजी निघतात. उंड्याचं तर नावच नाही. म्हणून मी आपली नेहमीची पातेल्याची पद्धत लावली. रिकाम्या पातेल्याचं वजन बुडाला रंगानं लिहून ठेवलंय. आत जाणारा प्रत्येक जिन्नस कच्चा तोलायचा: बेसन, तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, शेंगदाणे, पालेभाज्या, तेल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांवरून सगळ्यांच्या कॅलरी काढायच्या, बेरजेला शिजलेल्या भज्जीच्या वजनानं भागायचं. आमची भज्जी 100 ग्रॅमला 115 च्या आसपास आली. आंबील सगळ्यात हलकी निघाली, 100 मिलीला जेमतेम 45, कारण ज्वारीचं पीठ थोडं आणि ताक-पाणी भरपूर. भारी निघाली ती शेंगाची पोळी, एकीला सव्वातीनशेच्या पुढं. शेंगदाणा 100 ग्रॅमला 500 च्या वर जातो आणि गूळ आहेच, त्यामुळं नवल काही नाही, पण आकडा समोर आला की पोळीकडं बघायची नजर बदलते.

या कामाला साधा, सपाट, 1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा किचन काटा पुरतो. माझा लातूरच्या गंजगोलाई बाजारातल्या भांड्यांच्या दुकानातून घेतलेला आहे, झाकणासकट, आणि त्याची कधी तक्रार नाही. ज्यांनी पायातून करंट सोडून चरबीचे टक्के सांगणारा मोठा काटा घेतलाय त्यांना कळकळीनं सांगते: सणानंतरचा आठवडा तो आकडा बघूच नका. तो काटा चरबी मोजत नाही. विजेला शरीरात किती अडथळा होतो त्यावरून पाण्याचा आणि त्यावरून चरबीचा अंदाज बांधतो. पाणी बदललं की चरबीचा आकडाही भलतीकडं जातो.

आता मुख्य प्रश्न. 73.6.

आधी हे पक्कं करू या की ती चरबी नव्हती. माझं त्या दिवशीचं खाणं पातेल्याच्या हिशोबानं 3,400 कॅलरींच्या आसपास होतं. माझा मेंटेनन्स, म्हणजे वजन आहे तिथंच राहायला दिवसाला लागणाऱ्या कॅलरी, साधारण 1,900. म्हणजे जास्तीचे 1,500. एक किलो चरबीला ढोबळमानानं 7,700 लागतात, म्हणजे सगळंच्या सगळं चरबीत गेलं तरी 200 ग्रॅम. काट्यानं दाखवले 2.2 किलो! तेवढी चरबी चढवायला एका दिवसात जवळपास 17,000 जास्तीच्या कॅलरी लागल्या असत्या.

मग बाकीचे दोन किलो कशाचे? डेफिसिटमध्ये, म्हणजे गरजेपेक्षा कमी कॅलरी खात असताना, स्नायूंतलं आणि यकृतातलं ग्लायकोजेन (साखरेचा साठा) अर्धवट रिकामं असतं. पोटभर बाजरी, गहू, गूळ मिळाला की ते भरतं आणि प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण 3 ग्रॅम पाणी धरून ठेवतं. 300 ग्रॅम भरलं तरी पाण्यासकट सव्वा किलो झालं. त्यावर भज्जीतलं आणि लोणच्यातलं मीठ, त्यानंही पाणी थांबतं. आणि दाणे-पालेभाज्यांचा चोथा आतड्यात दोन दिवस तरी असतोच. बेरीज बरोबर लागते.

हे सगळं आपल्याला दिवाळीपासून माहीत आहे. कोडं वेगळंच होतं: पाणी उतरायला हवं होतं तेव्हा उतरलं का नाही?

पहिला संशय फरशीवर. आमच्या घरात शहाबादी आहे, आणि शहाबादीवर काट्याचे चारही पाय कधी सारखे टेकत नाहीत. काटा वीतभर सरकवला तरी अर्ध्या किलोचा फरक पडतो. पण मी फरशीवर खडूनं चौकोन आखलाय आणि काटा तिथून हलवत नाही. भरलेली पाच किलोची पिठाची पिशवी ठेवून पाहिली, बरोबर पाच. फरशी निर्दोष.

दुसरा संशय शिळ्या भज्जीवर, आणि इथं खरंच काहीतरी सापडलं. येळवस एका दिवसात संपत नाही हे इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. डबे घरी येतात, शेजारचे डबे येतात, आंबील आणखी आंबते, आणि भज्जी तर दुसऱ्या दिवशीच खरी लागते. मी ती मोजून खात होते, 115 च्या भावानं. मग सहज पातेलं परत तोललं. प्रत्येक वेळी गरम करताना पाणी उडतं, भज्जी घट्ट होते, कॅलरी मात्र तेवढ्याच राहतात. तिसऱ्यांदा गरम केलेली भज्जी 100 ग्रॅमला 140 वर गेली होती. वाटीभर भज्जीत पन्नास-साठ कॅलरींचा फरक. पिठलं, वरण, खिचडा, जे जे पुन्हा गरम होतं त्या सगळ्याला हे लागू आहे. उपाय सोपा: गरम केल्यावर पातेलं परत तोला आणि नव्या वजनानं भागा, नाहीतर जेवढं पाणी उडालं तेवढं ओतून पहिल्या वजनावर आणा.

पण एवढ्यानं दीड किलो अडकत नाही. तोपर्यंत मला अगदी राहवेना झालं होतं. ताटात सगळं बरोबर, रोज सकाळी औसा रोडला चालणं चालू, कंबरेची टेप पूर्वी होती तिथंच 88 वर, आणि काटा 72.8 वर. शिंप्याच्या साध्या टेपवर माझा काट्यापेक्षा जास्त विश्वास आहे. चरबी खरंच चढली असती तर कधीतरी टेपनं बोलायला पाहिजे होतं.

तेव्हा वहीची पानं उलटी चाळली. एकाखाली एक आठवडे बघण्याऐवजी मागच्या महिन्यांचे पाळीच्या आधीचे दिवस शेजारी शेजारी मांडले. आणि उलगडा झाला! दर महिन्याला पाळीआधीच्या आठवड्यात माझं वजन सव्वा ते दीड किलो वर जातं आणि पाळी सुरू झाल्यावर आपोआप उतरतं. या वेळी सणाचं पाणी ओसरायला आणि पाळीआधीचं पाणी चढायला एकच गाठ पडली. एक खाली चाललं होतं, दुसरं वर येत होतं, आणि काट्यावर 72.8 ची सरळ रेष. दिवाळी आणि महालक्ष्म्या चक्राच्या पहिल्या अर्ध्यात आल्या होत्या, म्हणून तेव्हा हे दिसलं नाही.

आपल्यातल्या सगळ्या ताई-वहिनींना आग्रहानं सांगते, या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी करू नका. मागच्या महिन्यातल्या त्याच दिवसांशी करा. त्या हिशोबानं मी अडकले नव्हतेच. मागच्या चक्रात याच दिवसांत 73.5 होते, या वेळी 72.8. त्या वेळी पंगत नसतानाही काटा या वेळेपेक्षा वर होता!

आता, अडकलेल्या काट्याकडं बघत असताना काय करायचं नसतं, त्याबद्दल. 73.6 बघून दुसऱ्या दिवशी कडकडीत उपाशी राहण्याची ओढ होते. आपल्यातल्या कित्येकांनी हे लिहिलंय: सकाळी काही नाही, दुपारी ताक, आणि संध्याकाळी सहाला डब्यातली शेव, चिवडा, उरलेली खीर. मग 'आता मोडलंच आहे' म्हणून रात्रीचंही. 1975 साली हर्मन आणि मॅक या संशोधकांनी यावर एक प्रयोग केला होता. आधी मिल्कशेक पाजला आणि मग आइस्क्रीम चाखायला दिलं. खाण्यावर एरवी बंधन नसणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, आणि डाएट सांभाळणाऱ्यांनी उलट जास्त खाल्लं. नियम एकदा मोडला की बांध फुटतो. म्हणून मी दुसऱ्या दिवशी मेंटेनन्सवरच राहते, डेफिसिटसुद्धा घेत नाही. सकाळी दोन अंडी आणि ज्वारीची भाकरी, दुपारी मोजलेली भज्जी, रात्री मटकीची उसळ आणि ताक. 1,500 कॅलरी पुढच्या चार-पाच दिवसांत 300-400 च्या नेहमीच्या डेफिसिटनं फिटतात. त्यांना व्याज लागत नाही.

दीक्षित सरांच्या पद्धतीवर (दिवसात दोनच जेवणं, प्रत्येक 55 मिनिटांत) असलेल्यांनी विचारलं होतं की दोन जेवणं आणि 55 मिनिटं शेतात कशी पाळायची. पंगत लांबते हे खरंच. माझं मत: त्या दिवशी मिनिटं सोडा, पण सकाळच्या धपाट्यांपासून संध्याकाळपर्यंत तोंड सतत चालू राहू देऊ नका. आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर सणाच्या आधी किंवा नंतर भरपाईचा उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको, साखर खाली जाते. तसंच, खाणं सणावाराशिवायही वारंवार हाताबाहेर जात असेल, लपून खावंसं वाटत असेल आणि नंतर फार त्रास होत असेल, तर हा पातेल्याच्या हिशोबाचा विषय नाही. त्यावर उपचार आहेत, डॉक्टरांशी बोला.

पुढचं: भोगी आणि संक्रांत. भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, मग तीळगूळ. माझा बेत असा होता की आधीचे दोन दिवस 1,200 वर राहून जागा करून ठेवायची. पण हे लिहिताना तक्ता समोर आहे आणि त्यात वेगळंच दिसायलंय. ज्या ज्या सणाला मी आधी कमी खाऊन जागा केली, त्या सणाचा आकडा सगळ्यात मोठा आहे. येळवशीला सकाळी दही-धपाटे खाऊन निघाले होते तरी 3,400. महालक्ष्म्यांना सकाळपासून नैवेद्याची वाट बघत उपाशी होते, तेव्हा याहून बरंच जास्त. म्हणजे जागा करण्याचा बेत रद्द! भोगीला सकाळी मोड आलेली मटकी आणि अंडी पोटभर, आदल्या दिवशी नेहमीचं जेवण.

आणि आणखी एक सुचतंय. साप्ताहिक बजेटऐवजी पंधरवड्याचं करावं. आपले सण वाराप्रमाणं येत नाहीत, तिथीप्रमाणं येतात. एका आठवड्यात अमावस्या आली की तो आठवडा उगाच बिघडलेला दिसतो. पौर्णिमा ते अमावस्या असा हिशोब धरला तर एखादी पंगत आणि एक एकादशी त्यात सहज मावते. एकादशीही मोजायचीच, साबुदाणा 100 ग्रॅमला 350 आहे आणि वर दाण्याचं कूट. कॅलेंडरवर या महिन्याचे सण पेनानं आखून घेतले आहेत. पहिला पंधरवडा झाला की तक्ता टाकते.

एक मदत हवीय. मामांच्या शेतात हुरडा सुरू झालाय आणि मला त्याचा आकडा कुठं मिळत नाही. वाळलेली ज्वारी 100 ग्रॅमला 334 कॅलरी आहे, पण हुरड्याच्या दाण्यात पाणी भरपूर असतं आणि आगटीत भाजताना त्यातलं थोडं उडतं. कणीस भाजण्याआधी आणि चोळून निघालेला दाणा, दोन्ही तोलून कोणी नोंद ठेवली असेल तर कृपया द्या. गूळभेंडी (हुरड्याच्या ज्वारीचा वाण) असेल तर उत्तम, आमच्याकडं तीच आहे. सोबतच्या शेंगदाण्याच्या चटणीचं मी बघून घेते.