मागांच्या खडखडाटातली एक ठकठक

सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या काकांचा यंत्रमागांचा लहानसा कारखाना आहे. तिथे शेजारी उभ्या माणसाशीही ओरडूनच बोलावे लागते. एका मागाच्या धोट्याची (आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या नळीची) धडक मधूनच जड पडते, असे तिथल्या जॉबरचे, म्हणजे मागांची देखभाल पाहणाऱ्या कारागिराचे, म्हणणे होते. मी संख्याशास्त्र शिकवत असल्याने ती ठकठक मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून पकडून देईन, असे जरा फुशारकीनेच सांगून बसलो.

‘माग ठीक आहे, ऐकू येतो तो नुसता गोंगाट’ हे शून्य गृहीतक, म्हणजे पुरावा मिळेपर्यंत खरे धरायचे विधान, आणि ‘गोंगाटात जादा ठोका मिसळला आहे’ हे पर्यायी. ठीक असलेला माग बंद केला तर उत्पादन बुडते; दोष निसटला तर धोटा माग सोडून उडण्याची भीती. नेमन आणि पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञांनी १९३३ साली दाखवून दिले की, खोट्या इशाऱ्याची संभाव्यता आधीच बांधून घेतली, तर दोष पकडण्याची सर्वाधिक शक्यता दोन्ही गृहीतकांखालील संभाव्यतांचे गुणोत्तर पाहणाऱ्या कसोटीत असते. गोंगाट प्रसामान्य (घंटेच्या आकाराच्या आलेखात बसणारा) असेल आणि ठोका ठरावीक उंचीचा, तर हिशेब इतकाच उरतो: सरासरी काढायची आणि ती उंबरठा ओलांडते का, ते पाहायचे.

खरी मेख उंबरठ्यात आहे. ५ टक्के खोटे इशारे चालवून घेण्याची पाठ्यपुस्तकातली सवय इथे लावली असती तर हसे झाले असते, कारण मिनिटाला १०० धडका धरल्या तर आठ तासांच्या पाळीत ४८,००० वेळा कसोटी होते आणि सुमारे २,४०० खोटे इशारे मिळतात. उंबरठा तीन प्रमाण विचलनांवर (प्रमाण विचलन म्हणजे गोंगाटातल्या चढउतारांचे माप) नेला तरी ६५ उरतात. शिवाय मोबाइलमध्ये तो ठोका जेमतेम एका प्रमाण विचलनाएवढा असल्याने शंभरातले दोनच सापडले असते. १६ धडकांची सरासरी घेतली की गोंगाट चौथ्या हिश्श्यावर येतो, ठोका सलग पडत असेल तर तो मात्र तेवढाच राहतो. मग त्याच उंबरठ्याने ८४ टक्के वेळा दोष सापडतो आणि कसोट्या ३,०००च उरल्याने पाळीत चारच खोटे इशारे येतात. हे झाले कागदावर.

प्रत्यक्षात इशारे थांबेचनात. सरासरीने गोंगाट असा घटतो तो त्यातले चढउतार एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच, आणि शेजारचा माग तर जवळपास त्याच वेगाने चालत होता. त्याच्या धडका काही मिनिटे आमच्या धडकांवर नेमक्या येऊन बसत आणि मग हळूहळू सरकत. म्हणजे ‘नुसता गोंगाट’ कसा असतो, हेच मी चुकीचे गृहीत धरले होते.

जॉबरने मागाच्या चौकटीवर तळवा टेकवला. “सर, कानानं नको, हातानं बघा की.”

तिथेच मी पायझोची, म्हणजे कंपनांचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारी, चकती चिकटवली. शेजारच्या मागाची धडक जवळजवळ लोपली आणि ठोका दोन प्रमाण विचलनांएवढा दिसू लागला. १६ धडकांच्या सरासरीत त्याचे आठ होतात, त्यामुळे उंबरठा निर्धास्तपणे पाचवर नेता आला. (२०१२ मध्ये हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या शोधासाठी सर्न या प्रयोगशाळेत पाळलेला दंडकही पाचाचाच, आमच्या मागाला एवढा मान पुरे.) चौथ्या मिनिटाला इशारा आला. मागाचा पिकर, म्हणजे धोट्याला फटका देणारा भाग, झिजलेला निघाला; तो बदलल्यावर उरलेल्या पाळीत एकही इशारा आला नाही.