डाव दिसायला पाच दिवस लागले

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आबांचं कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात जाणं बंद झालं. शाहू महाराजांच्या काळात, 1912 साली उभ्या राहिलेल्या त्या मैदानात आबांनी उभा जन्म कुस्त्या बघितल्या. तरुणपणी ते स्वतः गंगावेस तालमीत जात. म्हणून धाकट्या भावानं शेवटची कुस्ती नव्या मोबाइलवर अख्खी शूट करून आणली आणि मी ती लॅपटॉपवर लावली.

दोघा पैलवानांची खडाखडी, म्हणजे सुरुवातीची झटापट सुरू झाली आणि चित्र अडखळायला लागलं. आवाज मात्र पुढं पळत होता. हलगी कडाडली, लोक उठून ओरडायला लागले, तरी पडद्यावर दोघं पैलवान एकमेकांच्या मानेवर हात टाकून थिजलेले. मग एकदम उडी, आणि एक जण थेट पाठीवर.

"आरं, पडला कसा? घिस्सा लावला का एकचाक?" आबा दोन डावांची नावं घेऊन विचारत होते. परत लावलं. नेमकं तेवढंच परत गायब.

पेन ड्राइव्हचा दोष असेल म्हणून फाइल लॅपटॉपमध्ये कॉपी केली. फरक नाही. राजारामपुरीतल्या एका दुकानात दाखवलं, तर त्यांनी काही न तपासता रॅम वाढवायला सांगितली. 4 जीबीची 8 जीबी केली. पैसे गेले, व्हिडिओ होता तसाच. मागचं झाकण उघडून पंख्यात साचलेली धुळीची गादी ब्रशनं काढली. पंख्याचा घरघराट कमी झाला, अडखळणं नाही.

मग लॅपटॉपवर किती भार आहे ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडून व्हिडिओ लावला. सीपीयू, म्हणजे मुख्य प्रोसेसर 100 टक्के, रॅम निम्मी मोकळी. हे दुकानातच दोन मिनिटांत कळलं असतं, याचा मला अजून राग येतो.

खरा धागा सापडला तो जुन्या व्हिडिओंमुळं. भाचीच्या बारशाचा फुल एचडी व्हिडिओ याच लॅपटॉपवर लोण्यासारखा चालत होता. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या 'टूल्स' मेन्यूत 'कोडेक इन्फर्मेशन' असतं, तिथं दोन्ही फाइली ताडून बघितल्या. व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धती वेगळ्या निघाल्या: बारशाची एच.264, कुस्तीची एच.265, म्हणजेच एचईव्हीसी. शिवाय कुस्ती 4केमध्ये, 3840 बाय 2160, सेकंदाला 60 फ्रेम. शेजारच्या 'स्टॅटिस्टिक्स'मध्ये 'लॉस्ट' फ्रेमचा आकडा डोळ्यांदेखत चढत होता. आबांचा डाव तिथं गळत होता.

व्हिडिओ दाबून साठवलेला असतो, तो दाखवताना उलगडावा लागतो. त्यासाठी चिपमध्ये वेगळी यंत्रणा असते. माझा लॅपटॉप 2014 चा, इंटेलच्या चौथ्या पिढीचा. त्यात एच.264 ची यंत्रणा आहे, एचईव्हीसीची पूर्ण यंत्रणा इंटेलनं 2015 मध्ये सहाव्या पिढीपासून दिली. त्यामुळं सगळा भार सीपीयूवर. 4के म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपके. सेकंदाला 60 फ्रेम धरल्या तर जवळपास 50 कोटी ठिपके दर सेकंदाला. एवढं त्याला पेलत नव्हतं, मग तो फ्रेम टाकून देत होता.

व्हिडिओ दुसऱ्या पद्धतीत बदलून देणारं हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर घेतलं. व्हिडिओ एन्कोडर एच.264, रिझोल्यूशन 1080. फ्रेम रेट मात्र 60 च ठेवला. 30 केला असता तर फाइल आणखी हलकी झाली असती, पण कुस्तीत हात कुठून शिरला हे त्या मधल्या फ्रेममध्येच दिसतं. सात मिनिटांच्या कुस्तीला पाऊण तास लागला. मूळ फाइल हार्ड डिस्कवर जपून ठेवली आहे. भावाच्या मोबाइलमधलं 'हाय एफिशियन्सी' व्हिडिओचं सेटिंगही बंद करून घेतलं. फाइली मोठ्या होतात, पण त्या इथं चालतात.

पाचव्या दिवशी संध्याकाळी आबांसमोर लॅपटॉप ठेवला. लाल माती उडालेलीसुद्धा दिसत होती. डाव आला तसं मी थांबवलं आणि 'ई'चं बटण दाखवलं. व्हीएलसीत ते दाबलं की एकेक फ्रेम पुढं सरकते. आबांनी चष्मा पुसला आणि एका बोटानं बटण दाबत राहिले.

"हां, हात गेला... आता बघ, मान दाबली... एकचाक न्हवं रं, घिस्साच हाय."