फोंताइन्हासमधल्या उसन्या खुर्च्या

वाईला कृष्णाकाठच्या एका आळीत माझ्या मित्राने जुना चौसोपी वाडा घेतला आहे आणि तिथे ११ खोल्यांचे बुटीक हॉटेल काढण्याचे त्याच्या मनात आहे. प्रदर्शने मांडणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे वाड्याचे रंगरूप आणि तिथे होणारे कार्यक्रम अशी दोन्ही कामे त्याने माझ्यावर सोपवली. ह्या कामाला आता ‘क्रिएटिव्ह डिरेक्शन’ असे भारदस्त नाव आहे. माझ्या वहीत तांब्याची घंगाळे, पैठणीच्या काठांचे पडदे आणि दर शनिवारी लावणी अशी यादी तयारही झाली होती. ती पक्की करण्याआधी जुन्या घरांत चालणारी हॉटेले एकदा पाहून यावीत, म्हणून रात्रीच्या बसने पणजी गाठली.

कदंब बसस्थानकातून बाहेर पडून ओरेमची खाडी ओलांडली की दहा-पंधरा मिनिटांत फोंताइन्हास लागते. आल्तिन्होच्या टेकडीला पाठ टेकून बसलेल्या ह्या वस्तीच्या जागी एके काळी नारळाची बागाईत होती. मोझांबिकमध्ये पैसा कमावून परतलेल्या, आणि म्हणून ‘मोझमीकार’ म्हणवल्या जाणाऱ्या, एका गोमंतकीयाने अठराव्या शतकाच्या अखेरीस ती वसवली. १८४३ मध्ये पणजी अधिकृतपणे राजधानी झाली. पोर्तुगीज अमलात दर पावसाळ्यानंतर घरे रंगवण्याचा दंडक होता आणि पांढरा रंग चर्चसाठी राखलेला असे. पिवळ्या, निळ्या आणि गेरूसारख्या लाल भिंतींची परंपरा तिथून आली. हल्ली मात्र त्या भिंतींसमोर लग्नाआधीची छायाचित्रे काढणाऱ्यांची रांग असते. ‘हे राहते घर आहे, पायऱ्यांवर बसू नये’ अशा आशयाच्या पाट्या मी एका गल्लीत चार मोजल्या. हॉटेलवाल्याने इथली पहिली ओळख ह्या पाट्यांशी करून घ्यावी.

मी उतरलो त्या हॉटेलचे नाव देत नाही. सजावट निर्दोष होती. लाल कोब्याची जमीन, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशांची चित्रे, सगळे जागच्या जागी होते. संध्याकाळी गच्चीवर ‘खास गोव्याची रात्र’ ठेवली होती आणि ती केवळ पाहुण्यांसाठी होती. ध्वनिमुद्रित साथीवर एक तरुण हिंदी चित्रपटगीते म्हणत होता आणि आम्ही नऊ जण आपापल्या भ्रमणध्वनीत डोके घालून बसलो होतो. समोरच्या घराची खिडकी आधी अर्धी आणि मग पूर्ण बंद झाली. दहा वाजून गेल्यावर त्या घरातले गृहस्थ खाली येऊन उभे राहिले. त्यांना एक शब्दही बोलावा लागला नाही, कारण दहानंतर ध्वनिवर्धक चालत नाही हे व्यवस्थापकाला ठाऊक होते. त्या गच्चीवरच्या कार्यक्रमात आणि माझ्या शनिवारच्या लावणीत फरक कोणता, हा प्रश्न घेऊन मी झोपलो.

सकाळी ‘३१ जानेवारी’ नावाच्या रस्त्यावरचे ‘पंजिम इन’ पाहिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले हे घर एका कुटुंबाने १९८०च्या दशकात हॉटेल म्हणून खुले केले. जुनी घरे पाडून इमारती उठवण्याचा तो काळ असल्यामुळे ह्या निर्णयाचे मोल अधिक वाटते. पुढे त्याच कुटुंबाने जवळचे, मधे चौक असलेले एक हिंदू घर आणि एक जुनी शाळा अशा आणखी दोन वास्तू हॉटेलासाठी सावरल्या आणि ‘गीतांजली’ हे कलादालनही चालवले. कलादालन असले की ज्याला खोली नको आहे असा माणूसही हॉटेलाचा उंबरा ओलांडतो. जवळच, सेंट सेबास्टियनच्या चॅपेलपाशी, वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या नावाची संस्था, चार्ल्स कोरिया फाउंडेशन, आहे. त्या चॅपेलमधला क्रूस पूर्वी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज अमलातल्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता. त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. मी त्यापुढे फार वेळ थांबू शकलो नाही.

पाव घ्यायला बेकरीत शिरलो, तर गल्ल्याशेजारी वहीच्या पानावर हाताने लिहिलेली एक सूचना चिकटवलेली दिसली. वर रोमी, म्हणजे रोमन लिपीतली कोंकणी, खाली देवनागरी. संध्याकाळी सहा वाजता मांडो, म्हणजे जुन्या कोंकणी गाण्यांची बैठक, सर्वांना आमंत्रण. ठिकाण म्हणून ज्या घराचा उल्लेख होता तेही सहा खोल्यांचे एक हॉटेलच निघाले. तिथे चौकशी केली, तेव्हा संचालिका बाई म्हणाल्या, “फलक मुद्दामच इथं लावला नाही. पाहुण्यांना आम्ही तोंडी सांगतो. आधी वाडा यायला हवा.” गोव्यात वाडा म्हणजे वस्ती, हे ध्यानात यायला मला क्षणभर लागला.

साडेपाचला तीन मुलगे खुर्च्या वाहून आणत होते. एकही खुर्ची दुसरीसारखी नव्हती. वेताची, लोखंडी, प्लास्टिकची, आणि प्रत्येकीच्या पाठीमागे रंगाने घराची आद्याक्षरे घातलेली. हॉटेलाकडे स्वतःच्या खुर्च्या नाहीत का, असे मी विचारले. आहेत, पण ज्याची खुर्ची येते तो मागोमाग येतोच, असे उत्तर मिळाले. खुर्च्या ओळीत न लावता भिंतींना टेकवून लावल्या होत्या, त्यामुळे प्रेक्षक आणि गायक अशी फाळणी झाली नाही. व्हायोलिनवाले गृहस्थ निवृत्त शिक्षक होते. घुमट ह्या तालवाद्यावर एक कॉलेजचा मुलगा होता. घुमटाच्या मातीच्या घटाला पूर्वी घोरपडीचे कातडे लावत. त्यावर कायद्याने बंदी आल्यापासून बकऱ्याचे लावतात. गोवा सरकारने २०१९ मध्ये घुमटाला राज्याचे वारसावाद्य ठरवले, ही माहितीही त्यानेच अभिमानाने दिली.

मांडो संथ असतो, त्यात प्रेम आणि विरह यांचीच गोष्ट अधिक. दुसऱ्या कडव्यात एका तरुण गायकाचे शब्द अडखळले, तशी कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीतून एक आजी हातातला पंखा न थांबवता म्हणाल्या, “उतरां चुकलीं, पुता.” म्हणजे, शब्द चुकले, बाळा. त्यांनी ती ओळ स्वतः म्हणून दाखवली, थरथरत्या पण सुरात राहणाऱ्या आवाजात, आणि सगळ्यांनी तिथून पुन्हा सुरुवात केली. पुढे चपळ लयीचे दुलपद लागले तेव्हा बसायला जागा उरली नव्हती. हॉटेलात उतरलेले दोघे पाहुणे दारात उभे होते आणि त्यांना त्याचे काही वाटले नाही. साडेआठला सगळे आटोपले. मुलगे खुर्च्या परत पोचवू लागले. मीही दोन उचलल्या, म्हणून मला तीन घरांत पाणी आणि एका घरात बेबिंका मिळाली.

परतीच्या बसमध्ये वही उघडली. पडदे राहू दिले, घंगाळी कमी केली, शनिवारच्या लावणीवर रेघ मारली. मग मित्राला फोन लावला. वाईत कृष्णाबाईचा उत्सव घाटाघाटावर आळीपाळीने होतो हे मला ऐकून ठाऊक होते, म्हणून तुमच्या आळीचा उत्सव असतो तेव्हा बाहेरची माणसे कुठे बसतात, असे त्याला विचारले.

“आमच्याच वाड्याच्या ओसरीवर बसायची,” तो म्हणाला. “ती ओसरी काढून आपण तिथं रिसेप्शन करतोय ना?”