स्टिअरिंग परत येत नाही

"दादा, वळण संपलं की स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही. मला ओढून आणावं लागतं."

गाड्यांच्या पोटाखाली काम करण्यात माझी वीस वर्षं गेली. येणारं माणूस बहुधा 'पुढून कायतरी वाजतंय' किंवा 'गाडीला पहिल्यासारखी मजा नाही' एवढंच सांगतं, पुढचं आपण शोधायचं. त्यामुळं हे वाक्य ऐकल्यावर जॉबकार्ड लिहिता लिहिता माझा हात थांबला. बाईंनी दोन वाक्यांत निदानच करून टाकलं होतं.

गाडी त्यांच्या मागं उभी होती. सात सीटची, शिडीच्या चासीची एसयूव्ही, काळी कुळकुळीत. पुढं लोखंडी बंपर, टपावर लांबलचक लाइट बार, चाकं मडगार्डच्या बाहेर आलेली, आणि टायर नि मडगार्ड यांच्यामध्ये एवढी जागा की मांजर आरामात झोपेल. खोटं कशाला बोलू, देखणी दिसत होती. असल्या गाड्या मलाही आवडतात, म्हणून तर या धंद्यात आहे.

बाईंनी पर्समधून एक चिठ्ठी काढून दिली. मिस्टरांनी लिहून दिलेली. 'अलाइनमेंट, बॅलन्सिंग. लाइट बारचा स्विच बघणे.' बस.

"आणि तुमचं काय म्हणणं?" मी विचारलं.

त्यांचं म्हणणं बरंच होतं. गाडी रोज त्याच चालवत. मुलांना शाळेत सोडून ऑफिस, संध्याकाळी परत, साठेक किलोमीटर. मिस्टर ती घेऊन डोंगरात जात वर्षातून तीन-चारदा. सहा महिन्यांपूर्वी एका ठिकाणी नेऊन त्यांनी गाडी 'उचलून' घेतली. तेव्हापासून मागच्या सीटवर धाकट्याला मळमळतं. रात्री समोरून येणारा प्रत्येक जण डिपर मारतो, आणि यांनी तर हाय बीम लावलेलाच नसतो. पार्किंगमध्ये पूर्ण वळवलं की डाव्या चाकातून कट-कट-कट येतं. हायवेला गाडी सरळ राहत नाही, सारखी हातानं सांभाळावी लागते.

"मी यांना सांगितलं तर म्हणाले, मोठे टायर आहेत, सवय होईल."

गाडी लिफ्टवर घेण्याआधी मी टेप काढली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायचं, म्हणजे टायर कितीही मोठा असला तरी गाडी खरोखर किती उचललीय ते कळतं. या मॉडेलचं पुढचं मूळ माप आमच्या वहीत ५०५ मिलिमीटर आहे. टेपवर आलं ५९०. मी पुन्हा मोजलं. ५९०च.

बाईंनी मिस्टरांना फोन लावून दिला. "किती उचलली?"

"दोन इंच. पन्नासची चकती टाकलीय पुढं."

ही चूक मी इतक्यांदा पाहिलीय की आता राग येत नाही. चकती, म्हणजे स्पेसर, बसते शॉकअपच्या डोक्यावर. शॉकअपचा पाय मात्र चाकावर नसतो, लोअर आर्मच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या, मध्याच्या जरा पुढं असतो. दार मधोमध हात लावून चार बोटं ढकला, त्याची कडा आठ बोटं सरकते. तसंच हे. वर पन्नास टाकलं की चाकाशी ऐंशी-नव्वद होतं. चाकाशी पन्नास हवं असेल तर चकती तीसच्या आतबाहेर लागते. ज्यानं हे काम केलं त्याला एक तर हे माहीत नव्हतं, किंवा माहीत असून गाडी उंच दिसली की गिऱ्हाईक खूश होतं हे जास्त माहीत होतं.

लिफ्ट वर गेली, चाकं लोंबली, आणि माझ्या हाताखालचा पोरगा म्हणाला, "भाऊ, इकडं बघा."

डाव्या चाकाची आतली बाजू ग्रीसनं काळी झाली होती. एक्सलचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा, बाहेरचा रबरी बूट घड्यांमध्ये फाटलेला. एक्सल सरळ असतो तेव्हा बुटाच्या घड्या एकमेकींपासून सुट्या असतात. गाडी एवढी उचलली की तो तिरका होतो, वरच्या बाजूच्या घड्या एकमेकींवर चढतात, आणि प्रत्येक फेऱ्याला एकमेकींना घासतात. सहा महिने, रोज साठ किलोमीटर. फाटल्यावर ग्रीस बाहेर, धूळ आत. बोटावर ग्रीस घेऊन अंगठ्यानं चोळलं तर वाळूसारखी कचकच लागली. कट-कट-कटचा उगम तो.

मग मी पोराला आत बसवून स्टिअरिंग पूर्ण डावीकडं वळवायला सांगितलं. चाकं लोंबलेली असताना असं वळवून बघायचं, उचललेल्या गाडीला ही तपासणी सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी हीच कुणी करत नाही. उजव्या चाकाचा ब्रेकचा होज, म्हणजे ब्रेक ऑइलची रबरी नळी, ताणला गेला. एरवी त्याला छान बाक असतो. इथं तो धनुष्याच्या दोरीसारखा ताठ. मी बोटानं टिचकी मारली तर थरथरला. टॉर्च जवळ नेला, तेव्हा लोखंडी टोकाला जिथं रबर दाबून बसवलेलं असतं तिथं केसाएवढ्या चिरा दिसल्या, गोल फिरलेल्या.

बाईंना गाडीखाली बोलावलं. आम्ही सहसा बोलावत नाही, पण हे त्यांनी बघायलाच हवं होतं. त्यांनी बघितलं, होजला हात लावला, आणि एकच प्रश्न विचारला.

"आज सकाळी मुलं होती गाडीत. हे तेव्हाही असंच होतं?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

नियमानं पुढचं सगळं मोजून घेतलं. अलाइनमेंटच्या मशीनवर कॅस्टर डावा १.१ अंश, उजवा ०.६. या गाडीला तीनच्या आसपास हवा. सायकलचा पुढचा दांडा मागं कललेला असतो म्हणून हात सोडले तरी ती सरळ जाते, मोटारीतला कॅस्टर म्हणजे तोच कल. गाडी उचलली की तो कमी होतो, आणि वळणानंतर स्टिअरिंग परत आणणारं बळच निघून जातं. अलाइनमेंटवाल्यानं काही केलं नव्हतं असं नाही. लोअर आर्मचे कॅम बोल्ट, ज्यांनी चाकाचा कल कमीजास्त करतात, ते त्यानं पार टोकाला फिरवले होते. पण ती सगळी जागा कॅम्बर, म्हणजे समोरून दिसणारा चाकाचा आत-बाहेरचा कल, सरळ करण्यात संपली, कॅस्टरसाठी उरलंच काही नाही. एवढ्या उंचीला वेगळे अप्पर आर्म, म्हणजे वरचे दांडे, लागतात. ते टाकले नव्हते, कारण ते बाहेरून दिसत नाहीत.

टायरवरून तळहात फिरवला. एका दिशेनं गुळगुळीत, उलट फिरवला की करवतीचे दात. टो, म्हणजे दोन्ही चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलेली ते माप, बिघडलेला. हे टायर होते २८५/७० आर १७, मूळचे २६५/६५ आर १७. व्यास ७७६ वरून ८३१ मिलिमीटर, म्हणजे सात टक्के मोठा. काट्यावर १०० दिसतं तेव्हा गाडी १०७च्या घरात असते. किलोमीटरही तेवढेच कमी मोजले जातात, म्हणून मिस्टर ॲव्हरेज पडल्याची तक्रार करत होते त्यातला काही भाग नुसता हिशोबाचा होता. बाकीचा खरा. नवं चाक आम्ही वजनकाट्यावर ठेवलं तर जुन्यापेक्षा आठ किलो भरलं, आणि तेवढं वजन रोज सिग्नलला थांबवायचं नि पुन्हा फिरवायचं.

रिमचा ऑफसेट, म्हणजे चाक बसायची जागा रिमच्या मध्यापासून किती सरकलेली ते माप, ३० मिलिमीटरवरून शून्यावर आणला होता, रुंदीही अर्धा इंच जास्त. सगळं धरून चाकाची बाहेरची कड ३६ मिलिमीटर बाहेर. रुबाब त्यानंच येतो, मान्य. पण चाकाची मध्यरेषा बाहेर गेली की प्रत्येक खड्ड्याला बेअरिंगवर नि स्टिअरिंगवर जास्त हिसका बसतो. मागं स्प्रिंग होत्या त्या कायम ३०० किलो जादा माल वाहणाऱ्या गाडीच्या. या गाडीत मागं असतात दोन दप्तरं आणि एक मळमळणारा पोरगा. हेडलाइट कुणी खाली केलेच नव्हते.

स्विचचं काम मात्र दोन मिनिटांत कळलं. लाइट बार १८० वॅटचा, म्हणजे १५ अँपिअर. एवढा करंट रिले, म्हणजे मोठा करंट झेलणारा मधला स्विच, न घालता डॅशबोर्डच्या चिमुकल्या स्विचमधून नेलेला. बॅटरीजवळ फ्यूज नाही, आणि पत्र्याच्या भोकातून वायर आत घेताना ती कापू नये म्हणून बसवायचा रबरी ग्रोमेटही नाही. प्लॅस्टिक वितळून पिवळं पडलं होतं. रिले बसवून, स्विचला फक्त रिले चालू करायचं काम ठेवून, बॅटरीपासून वीतभर अंतरावर २० अँपिअरचा फ्यूज टाकला. पोरानंच केलं ते.

दुपारी मिस्टर आले. जुन्या स्प्रिंगा आणि चारही मूळ चाकं मित्राच्या पिकअपमध्ये घालून, तोंड पाडून. बाईंनी फोनवर काय सांगितलं मला माहीत नाही.

"म्हणजे सगळं काढायचं?" त्यांनी विचारलं.

"आज काढायचं. पुढं काय लावायचं ते बसून ठरवू."

माणूस वाईट नव्हता. हौशी होता, वाचणारा होता, फक्त ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवणारा. बोलता बोलता उत्साहात येऊन म्हणाला, "मागच्या महिन्यात चिखलात मित्राची गाडी रुतली होती, हिनंच ओढून काढली. ह्यालाच पट्टा लावून." आणि त्यानं टो बॉलवर हात ठेवला. ताणणारा पट्टा अजून तिथंच अडकवलेला होता.

माझ्या हातातला पाना मी खाली ठेवला. टो बॉल असतो चाकांवर पळणारा ट्रेलर ओढायला. रुतलेली गाडी हिसक्यानं काढताना पट्टा रबरासारखा ताणतो, त्यात जोर साठतो, आणि बॉलची मान तुटली की तो लोखंडी गोळा तोफेतून सुटल्यासारखा काचेतून आत येतो. यात माणसं मेलेली आहेत. त्याला मी चासीला बोल्ट केलेला हुक कसा असतो ते दाखवलं. त्याच्या गाडीला तसा एकही नव्हता. दिसण्यासाठी एवढं सगळं लावलं, आणि ज्या कामासाठी गाडी डोंगरात न्यायची त्या कामाची ही एक वस्तू नाही. मी बोललो ते जरा कडकच बोललो. पण तो गप्प ऐकत राहिला, हे त्याचं मोठेपण.

"नदी ओलांडलीत का कधी?" मी विचारलं.

"गुडघाभर पाण्यातून. काही झालं नाही."

मागच्या डिफरन्शियलचा, म्हणजे दोन चाकांमधल्या गिअरच्या डब्याचा, प्लग सैल केला. तेल आलं ते दुधाळ, करडं. गाडी तासभर पळून आली की डिफरन्शियल तापलेला असतो. तो थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवा जायच्या भोकातून, सीलमधून पाणी आत खेचलं जातं. वरून काही कळत नाही. उपाय एवढाच की ब्रीदरला एक नळी जोडून ती वर, इंजिनाजवळ नेऊन बांधायची. डोंगरात जाणाऱ्या गाडीत आधी काय करू असं मला कुणी विचारलं तर मी हेच सांगतो, आणि बहुतेकांचा चेहरा उतरतो. नळीचा फोटो कुणी काढत नाही ना.

पुढचे तीन-चार तास नुसतं काम. चकत्या काढल्या, दोन्ही होज नवे टाकले, ब्रेकची हवा काढली. एक्सल बदलला, नुसता बूट बदलून भागणार नव्हतं. मागच्या स्प्रिंग मूळच्या बसवल्या. मागचा एक्सल ज्या आडव्या पट्टीनं बांधलेला असतो तिच्यामुळं तो सहा मिलिमीटर एका बाजूला सरकलेला होता, गाडी खाली येताच आपोआप मध्यावर आला. डिफरन्शियल धुऊन नवं तेल. जुनी चाकं लावली, टॉर्क पान्यानं नट आवळले, आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळायला या असं कार्डावर लिहिलं. मग अलाइनमेंट: कॅस्टर डावा २.९, उजवा ३.१. शेवटी भिंतीसमोर उभी करून हेडलाइट लावले.

ट्रायलला मी बाईंनाच चालवायला सांगितलं. मिस्टर मागं बसले. पहिल्याच डाव्या वळणावर बाईंनी पकड सैल केली आणि स्टिअरिंग त्यांच्या तळहातांतून सरकत सरकत सरळ झालं. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या चौकात विनाकारण उजवीकडं वळल्या आणि तेच पुन्हा करून बघितलं. मग तिसऱ्यांदा.

परत आल्यावर मिस्टरांनी टायर नि मडगार्डच्या मधल्या फटीत हात घातला. "किती उतरली?"

"पुढून ८५."

"काहीतरी तर ठेवा हो."

तेव्हा बसून ठरवलं. शॉकअप नि स्प्रिंग एकमेकांसाठी बनवलेला ४० मिलिमीटरचा संच, स्प्रिंग रिकाम्या गाडीच्या. सोबत अप्पर आर्म. टायर २६५/७० आर १७ ऑल टेरेन, व्यास ८०३, म्हणजे फरक साडेतीन टक्क्यांच्या आत. स्टेपनीही त्याच मापाची, कारण फोर-व्हील लावून चालवताना एक चाक लहान असलं की ताण गिअरवर येतो. रिम काळीच, पण ऑफसेट २०. पुढं-मागं चासीला हुक. लाइट बार राहिला. तिथं ते अडून बसले, आणि मीही फार ताणलं नाही, रुबाबाचाही काही हक्क असतो.

महिन्याभरानं येऊन त्यांनी ते सगळं करून घेतलं. त्या वेळी चिठ्ठी बाईंनी लिहिलेली होती, दीड पान.

त्या पहिल्या संध्याकाळी निघताना मिस्टरांनी चकत्या पिशवीत घालून मागितल्या होत्या. बाई म्हणाल्या, "त्या इथंच राहू देत दादा." त्या अजून इथंच आहेत. एक अलाइनमेंटच्या मशीनच्या केबलवर वजन म्हणून ठेवलीय. दुसरीत पोरगा नट-वॉशर टाकतो.