डमी, वजनकाटा आणि साइड कंट्रोल: उन्हाळ्याची नोंद

मागच्या नोंदीत ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या (जमिनीवर पकडी घालून लढायची कुस्ती) सरावाची माणसाएवढी डमी भरून, शिवून तयार झाली इथवर आलो होतो. आता तिच्यावर अख्खा उन्हाळा घाम गाळून झालाय आणि पाऊस तोंडावर आहे, तेव्हा काय जमलं आणि काय जमणारच नाही ते लिहून ठेवतो. बाकी परिस्थिती तीच. नेहमीचा जोडीदार नोकरीसाठी पुण्याला, त्यामुळे खरं रोलिंग (सरावाची लढत) तो गावी आला की रविवारी. मधले दिवस गच्चीवरच्या पत्र्याखाली मी आणि हा मुका पैलवान.

ज्यांना डमी बनवायची आहे त्यांनी वाळूच्या नादाला लागू नका. वाळू खाली उतरते, पाय दगड होतात आणि छाती पोकळ राहते. लाकडाचा भुसा उन्हाळ्यात झकास, पण कोल्हापूरच्या पावसात ओल धरतो आणि मग शेजारीसुद्धा विचारतात की वास कसला. आपल्या शेजारी इचलकरंजी असताना भुशाकडे जायचंच कशाला? मागावरच्या चिंध्या आणि वाया गेलेलं सूत किलोवर मिळतं. तेच ठासून भरलंय, छाती आणि कंबर जास्त घट्ट. खोळ ताडपत्रीची, रिक्षाचे हूड शिवणाऱ्याकडून दुहेरी टाके घालून घेतलेली. वजन 32 किलो. ऐकायला कमी वाटतं, पण अंग टाकून दिलेलं वजन उचलताना 32 चे 50 लागतात.

सगळ्यात जास्त वेळ एकाच साखळीवर घालवला: साइड कंट्रोल (बाजूने आडवं पडून छातीने दाबणं), नी ऑन बेली (पोटावर गुडघा), माउंट (अंगावर मांड ठोकून बसणं), आर्मबार (हात मांड्यांत धरून कोपर उलटं ताणणं). आयबीजेजेएफ या जिउ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमात गार्ड (खालच्याने पाठीवर पडून पायांनी अडवणं) पास केल्याचे, म्हणजे ते पाय ओलांडल्याचे 3, नी ऑन बेलीचे 2 आणि माउंटचे 4 गुण, आणि ती जागा 3 सेकंद धरून ठेवली तरच. म्हणून प्रत्येक जागी मोठ्याने तीनपर्यंत मोजतो, त्याआधी हलायचं नाही. पांढऱ्या पट्ट्याची, म्हणजे नवशिक्यांची लढत 5 मिनिटांची असते, घड्याळही तेवढंच लावतो. मोजायला लागल्यावर कळतं की व्हिडिओ बघून आपण जे सपासप करत असतो त्यातल्या निम्म्या जागा गुण देण्याइतक्यासुद्धा धरलेल्या नसतात.

आता खरी गंमत. आमचे काका एकेकाळी गंगावेशीच्या बाजूला तालमीत होते. एक दिवस कैऱ्या वाळत घालायला गच्चीवर आले आणि हातातली पाटी तशीच धरून बघत उभे राहिले. म्हणाले, "आरं, गुडघं टेकलंस की तुझं वजन जमिनीनं खाल्लं. त्येला काय मिळालं?" मग पाटी बाजूला ठेवून, धोतराचा काचा मारून, स्वतः डमीवर पडून दाखवलं. गुडघे वर, पायाचे चवडे मातीत रुतल्यासारखे, छाती तिच्या छातीवर आडवी आणि खांदा जबड्याखाली. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण ताडपत्री कुरकुरली.

मला असल्या गोष्टी मोजून बघायचा नाद आहे. घरातला वजनकाटा फळीवर ठेवला, वर डमीची छाती येईल अशी तिला उताणी घातली आणि बायकोला आकडा वाचायला उभं केलं. (ती अजून हसतेय.) माझं वजन 74. डमीचा भार वजा करून, गुडघे टेकून पडलो तर काट्यावर तिशीच्या आसपास. गुडघे उचलून चवड्यांवर गेलो की पन्नाशीला टेकतं. कंबर जरा खाली सोडली की आणखी थोडं. म्हणजे ताकद तेवढीच, माणूस तोच, आणि खालच्याच्या छातीवर पंधरा-वीस किलो जादा. हे जोडीदारावर कळत नाही, कारण तो हलतो आणि आपलं लक्ष त्याला धरून ठेवण्यात जातं. डमी गप्प पडून राहते, एवढा एकच तिचा गुण, पण या कामाला तोच लागतो. आता सरकतानाही काटा खाली ठेवतो. साइड कंट्रोलवरून माउंटला जाताना आकडा मध्येच दहावर पडला, तर तेवढ्या क्षणात खरा माणूस निसटला असता असं समजायचं.

गार्डच्या बाबतीत मात्र डमी कुचकामी. आणि कोल्हापूरकराला नेमकं तिथंच शिकायचं असतं. शाहू महाराजांनी 1912 मध्ये उभारलेल्या खासबागेत पाठ लागली की कुस्ती संपली. लहानपणापासून डोळ्यांनी तेच बघितलेलं, त्यामुळे पाठीवर पडून लढायचं म्हटलं की अंगच ऐकत नाही, आपोआप पोटावर वळतं. आणि जिउ-जित्सूत पोटावर वळलास की पाठ गेली, म्हणजे समोरच्याला 4 गुण आणि वर गळा मोकळा. ही खोड डमीवर मोडत नाही. ती माझ्या पायांची पकड फोडायला येत नाही, कॉलर धरत नाही, नुसती दोन मांड्यांमध्ये बसून राहते. तिला अंगावर पाडून घेऊन, हिप एस्केप करत (कंबर बाजूला सरकवत) गुडघा आत आणायचा, एवढं होतं. बाकी रविवारी.

मांडीची पकड वाढवायची असेल तर त्यापेक्षा मल्लखांब बरा, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी तो पुन्हा रुजवला तो पैलवानांच्याच मेहनतीसाठी. एरंडेल लावलेल्या लाकडावर मांड ढिली झाली की माणूस सरळ खाली. आर्मबारमध्ये गुडघे आवळून ठेवायची सवय मला त्या खांबाने जेवढी लावली तेवढी डमीने नाही.

गळ्याचे डाव तिच्यावर करण्यात अर्थ नाही. हनुवटीच नाही, तर मागून हात घालताना अडवणार कोण? पहिल्याच झटक्यात रिअर नेकेड चोक (मागून हाताने गळा आवळणं) बसतो आणि आपण खूश. फेकीचं तसं नाही. धोबीपछाड मारताना ती बिनातक्रार आपटून घेते, जे जोडीदार दहाव्यांदा करणार नाही. फक्त कंबरेतून वाकून उचलू नका, गुडघ्यात बसून तिच्याखाली जा, नाहीतर दुसऱ्या दिवशी मोजे घालायला कुणाला तरी हाक मारावी लागेल. खाली 40 मिलिमीटरच्या ईव्हीए फोमच्या मॅट आहेत आणि दुपारी फेकाफेकी बंद, कारण खालच्या मजल्यावरच्या आजी झोपतात.

पावसाळ्याची तयारी म्हणून खोळीला खाली चेन लावून घेतली आहे. आठवड्यातून एकदा उघडून चिंध्या पंख्याखाली पसरायच्या. मॅटच्या खाचांत बुरशी धरते, तिथं कापूस स्पिरिटमध्ये बुडवून पुसतो.

सध्या तिच्या हातांचं काम काढलंय. आर्मबारला बसलो की हात नुसता येतो, ओढून घेत नाही. म्हणून सायकलच्या ट्यूबचे पट्टे खांद्यापासून मनगटापर्यंत आत शिवतोय, म्हणजे सोडला की हात मागे जाईल. ट्यूब एकेरी घालावी की दुहेरी, हे अजून ठरत नाही. दुहेरीला ताडपत्रीचा टाका उसवतो. खांद्यापाशी चामड्याची चकती लावून बघणार आहे, चपलांच्या गावात तिची काय कमी.