ताईचं सासर, जिरीसान आणि आईची कोजागिरी

कोरियाला जाऊन आले म्हटलं की सोलापुरात पहिला प्रश्न येतो, सोल कसं वाटलं. कॉलेजच्या पोरी असल्या तर थेट बीटीएस, म्हंजे तिकडच्या गाणाऱ्या पोरांचा तो बँड. मी सोल धड बघितलंच नाही ओ. विमानतळावरनं सोलजवळच्या सुवन शहरात ताईकडं, आणि तिथनं गाडीत बसून ताईच्या सासरी, गुर्येला. गुर्ये म्हंजे देशाच्या पार दक्षिणेकडं, जिरीसान डोंगराच्या पायथ्याला, भातशेती आणि पर्सिमनच्या झाडांचा छोटासा भाग, तरणी पोरं सगळी शहरात आणि गावात म्हातारीकोतारी, ते काय आपल्याला नवीन नाही. सोबत आमची आई.

आईची अडचण वेगळीच होती. ती दरवर्षी कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाते. बाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगते, त्या रात्री आमच्याकडनं हजारो माणसं आई राजा उदो उदो करत निघतात, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, रस्ताच माणसांनी भरून जातो. आणि दाजींना सुट्टी मिळणार ती चुसोकची, म्हंजे त्यांचा पीक घरात आल्याचा आणि पूर्वजांचा सण, आठव्या चांद्र महिन्याची पौर्णिमा. एरवी हा सण बऱ्याचदा आपल्या भाद्रपद पौर्णिमेला पडतो, 2024 ला 17 सप्टेंबरला होता. पण 2025 ला त्यांच्या पंचांगात अधिक महिना आला, आपल्याकडं तो 2026 ला, त्यामुळं त्यांचं चुसोक सरकून 6 ऑक्टोबरला, बरोबर आपल्या कोजागिरीला. आई म्हणाली, वारी चुकती म्हंजे. ताई फोनवर म्हणाली, आई इकडं पण डोंगरावर देवी हाय, ये तू.

चुसोकला रेल्वेची तिकिटं काही आठवडे आधीच बुक होऊन संपतात, म्हणून गाडीनं. सणात हायवेचा टोल माफ असतो आणि म्हणूनच की काय अख्खा देश रस्त्यावर. निम्मा दिवस गाडीतच गेला. मधल्या थांब्यांवर मात्र मजा आहे, अक्रोडाच्या आकाराचे गरम गोड केक मिळतात, आईनं ते अंड्यामुळं नाही खाल्ले, मी तिच्या वाटचे पण खाल्ले.

घर कौलारू, मागं मातीच्या मोठमोठ्या बरण्या ओळीनं मांडलेल्या, त्यात सोयाबीनची पेस्ट, मिरचीची पेस्ट, सोया सॉस. जमिनीखालनं गरम केलेली फरशी, तिच्यावर गादी टाकून झोपायचं, आईचे गुडघे लई खूश. आम्ही सोलापुरी चादरी नेल्या होत्या, शेंगाची चटणी, कडक भाकरी. ताईच्या सासूबाईंनी चटणी बोटावर घेऊन चाखली आणि तशीच वाटी उचलून स्वतःच्या पुढ्यात ठेवली, झालं, मग प्रत्येक जेवणाला भातावर शेंगाची चटणी.

आई माळकरी, तेव्हा खाण्याचं टेन्शन मला जाम होतं. किमचीत, म्हंजे त्यांच्या तिखट आंबवलेल्या कोबीत, मासळीचा सॉस, सूपमध्ये वाळलेले छोटे मासे, भाजीसारखं दिसतं ते पण भाजी असेलच असं नाही. पण जिरीसानच्या पायथ्याचा भाग रानभाज्यांसाठी नावाजलेला आहे. डोंगरातली वाळवलेली फर्नची कोवळी देठं, एका फुलझाडाच्या पांढऱ्या मुळ्या, पालक, सगळं तिळाच्या तेलात परतलेलं. ओकच्या फळांच्या पिठाची खरवसासारखी थरथरणारी वडी. टोफू. विहीणबाईंनी आईसाठी मासळी न घालता वेगळी किमची केली होती, ताईनं आधी सांगून ठेवलेलं असणार.

आदल्या दिवशी सोंगप्यॉन करायला बसल्या सगळ्या. तांदळाचं पीठ गरम पाण्यात मळायचं, आत तीळ नाहीतर चवळीसारख्या शेंगांचं सारण, अर्ध्या चंद्राचा आकार, आणि पाइनची सुयांसारखी पानं पसरून त्यावर वाफवायचं. आईनं पीठ हातात घेतलं आणि कुणाला काय न विचारता कडेला करंजीची मुरड घालायला लागली. विहीणबाईंनी ती हातात धरून फिरवून फिरवून बघितली, मग म्हणाल्या (ताईनं सांगितलं) की सोंगप्यॉन सुंदर करणारीला मुलगी सुंदर होते म्हणतात, म्हणून मला अशी सून मिळाली. ताई लाजली बिजली नाही, म्हणाली मला ऐकायचंच होतं हे. त्या दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, आई मराठीतनं बोलते, त्या कोरियनमधनं, आणि दोघी थांबत नाहीत.

चुसोकच्या सकाळी घरात पूर्वजांसाठी टेबल मांडतात. भात, सूप, फळं, तळलेलं, दारू, उदबत्ती. भातात चमचा उभा खोचतात, म्हंजे वाडवडलांनी जेवायला सुरुवात केली, आणि सगळे खाली वाकून नमस्कार करतात. आई हळूच म्हणाली, म्हाळच हाय की हा, फक्त कावळा नाही.

मग समाध्यांवर. पाहुण्यांकडं जाणं आणि डोंगर चढणं ही तिकडं दोन वेगळी कामं नाहीत, हे मला तिथं कळलं. घरातली गेलेली माणसं डोंगराच्या उतारावर असतात, त्यांना भेटायचं तर चढायचं. वाट अशी नव्हतीच, पाइनच्या झाडांमधनं ओल्या मातीत दाजी पुढं, आम्ही मागं. समाधी म्हंजे गवताचा गोल उंचवटा, बस्स. दाजींनी सणाच्या आधी येऊन ग्रास कटरनं गवत कापून ठेवलं होतं, ते पण जोखमीचं काम आहे, गांधीलमाश्यांची पोळी असतात गवतात आणि दरवर्षी माणसांना चावतात. वर रानडुकरं उकरून ठेवतात ते वेगळंच. शहरातले बरेच लोक आता पैसे देऊन हे काम करून घेतात. आणि नव्या समाध्याच कमी झाल्यात, आता दहातल्या नऊ जणांना तिकडं दहनच देतात. दाजी म्हणाले माझ्या पोरांना एवढं चढायला लागणार नाही. हे त्यांनी आनंदानं सांगितलं की कसं, मला काय समजलं नाही.

समाधीवर दारू ओतताना आई जरा बाजूला सरकली, पण नमस्काराच्या वेळी आली आणि त्यांच्यासारखंच दोनदा, गुडघे टेकून, ओल्या गवतात, नऊवारी असती तर सोपं गेलं असतं म्हणाली. सहावारी आणि पायात स्पोर्ट शूज.

रात्री आभाळ भरलेलं, चंद्र नाहीच. आईनं तरी दूध आटवलं, केशर-वेलदोडा सोलापुरातनं आणलेलाच होता.

आता नोगोदान, जिरीसानचं एक शिखर. जिरीसान हे कोरियाचं पहिलं नॅशनल पार्क, 1967 चं, आणि त्याचं सगळ्यात उंच शिखर चॉनवांगबोंग 1,915 मीटर, म्हंजे आपल्या कळसूबाईच्या वर. नोगोदान 1,507 मीटर. पण फसवं आहे, कारण सॉन्गसामजे खिंडीपर्यंत गाडी जाते आणि ती खिंडच अकराशे मीटरच्या आसपास, तिथनं रुंद रस्त्यानं तीनेक किलोमीटर चालायचं. अगदी वरच्या टोकावर जायला ऑनलाइन बुकिंग लागतं, दाजींनी केलं होतं. पूर्वी लोकांच्या पायांनी वरचं गवत उजाड झालं होतं म्हणून आता लाकडी फळ्यांची वाट आहे, तिच्यावरनंच चालायचं.

धुकं एवढं की पुढचा माणूस दिसेना. आणि त्या धुक्यातनं साठी-सत्तरीच्या बायका, झगमगीत रंगाचे जॅकेट, दोन हातात दोन काठ्या, पाठीवर सॅक, जसं काय एव्हरेस्टला निघाल्यात, सगळ्या येता-जाता अन्योंगहासेयो, म्हंजे नमस्कार, म्हणणार. एकीनं साडीतल्या आईला बघून थांबवलं आणि सॅकमधनं सोललेली काकडी काढून दिली. काकडी ही तिकडची डोंगरावरची तहानेची सोय. आई म्हणाली तुळजापूरच्या वाटेवर केळी वाटतात, इथं काकडी. मध्येच अस्वलांपासून सावध राहा असे बॅनर, 2004 पासून तिथं काळी अस्वलं परत सोडली आहेत, मी घाबरले, आई नाही. दारूला मात्र बंदी आहे 2018 पासून, शिखरांवर आणि मुक्कामाच्या शेल्टरमध्ये, त्याआधी म्हणे वर बसून तांदळाची दारू पिणं हा ट्रेकचाच भाग होता.

वाटेत जुन्या दगडी भिंती उभ्या आहेत, 1920 च्या दशकात अमेरिकन मिशनऱ्यांनी बांधलेल्या उन्हाळी घरांच्या. आणि वर दगडांचा मोठा रचलेला मनोरा. नोगोदान हे म्हातारी देवीचं ठाणं, जुन्या काळापासून तिथं डोंगरदेवीची पूजा व्हायची. दाजींनी एवढं सांगितल्यावर आईनं पिशवीतनं हळदकुंकवाची पुडी काढली. मी म्हटलं आई, नॅशनल पार्क आहे, काही टाकायचं नाही. तिनं पुडी उघडली, स्वतःच्या कपाळाला लावलं, विहीणबाईंच्या कपाळाला लावलं आणि पुडी परत पिशवीत. उदो उदो मात्र मोठ्यानं केला. आजूबाजूचे लोक टाळ्या वाजवायला लागले, त्यांना वाटलं शिखर गाठल्याचा आनंद.

दुसऱ्या दिवशी ह्वाओमसा मंदिर बघितलं, त्याचा तो प्रचंड लाकडी हॉल आणि दगडी दिवा बघण्यासारखा आहे, पण आमचे पाय दुखत होते.

निघताना दाजी म्हणाले, पुढच्या वेळी चॉनवांगबोंग करू, पण त्याला वर शेल्टरमध्ये मुक्काम केलेला बरा, बुकिंग आधी करायला लागतं आणि पांघरूण आपलं आपण न्यायला लागतं. आई म्हणाली, चादरीला काय तोटा सोलापुरात. ताई म्हणाली आई ती दोन किलोची चादर खांद्यावर घेऊन कोण चढणार, तर आईनं दाजींकडं बघितलं. दाजींना मराठी येत नाही, त्यांनी मान डोलावली.